अठरा पूर्ण, आयटीआय अर्धवट : बालगृहातून बाहेर पडलेल्या एका भावाचे प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यातले आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही महिने पुढेमागे केले आहेत आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत. त्याला इथे थोरला म्हटले आहे आणि त्याच्या बहिणीला धाकटी. बालगृह सोडणाऱ्या मुलामुलींसोबत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्तीने हे टिपण लिहिले आहे. ते बालगृहांचे अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक आणि या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे.

पार्श्वभूमी

थोरला दहा वर्षांचा आणि धाकटी सात वर्षांची असताना दोघे बालकल्याण समितीसमोर, म्हणजे निराधार मुलांची सोय ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीसमोर, आली. आई आजारपणात गेली होती. वडील ऊसतोड कामगार. आई गेल्यानंतरच्या हंगामात मुलांना आजीकडे ठेवून ते टोळीबरोबर कारखान्यावर गेले. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, टोळी गावी आली, ते आले नाहीत. टोळीच्या मुकादमाचे म्हणणे असे की उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नव्हती, म्हणून ते परस्पर दुसरीकडे कामाला गेले. कुठे, हे कोणालाच सांगता आले नाही. आजीने जमेल तेवढे सांभाळले आणि हातपाय थकल्यावर गावच्या अंगणवाडीताईंच्या मदतीने मुलांना समितीपर्यंत पोचवले. पुढच्या दोन वर्षांत आजीही गेली.

मुलांचे बालगृह वेगळे, मुलींचे वेगळे. थोरला तालुक्याच्या गावी राहिला, धाकटी साधारण चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या संस्थेत. भेट व्हायची ती राखीला आणि दिवाळीत. तीही गाडी आणि सोबत जाणारा कर्मचारी मिळाला तरच.

थोरल्याचे बालगृह चांगले होते, हे आधीच सांगायला हवे. जेवण वेळेवर, शाळा नियमित, मारहाण नाही. अधीक्षक सरांना प्रत्येक मुलाचा स्वभाव ठाऊक होता. थोरला दहावी पास झाला आणि सरांनीच खटपट करून त्याला जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवून दिला. मुलगा हाताने हुशार. संस्थेतला पंखा बंद पडला की बाहेरचा माणूस बोलवायची गरज उरली नव्हती.

पण सात वर्षे घंटेवर उठलेल्या, घंटेवर जेवलेल्या या मुलाने स्वतःच्या पैशाने कधी भाजी आणली नव्हती. दवाखान्यात तो एकटा गेला नव्हता. त्याच्याकडे कोणत्याही कुलपाची किल्ली कधी नव्हती. घरभर वायरिंग करू शकणाऱ्या मुलाने विजेचे बिल हातात धरलेले नव्हते. त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात मात्र ‘जीवनकौशल्य सत्र’ या ओळीपुढे दर वर्षी ‘झाले’ असे लिहिलेले होते.

अडचण

हे प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा जुलै चालू होता. थोरल्याला ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण होणार होती. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तो नुकताच दुसऱ्या वर्षाला गेला होता. अंतिम परीक्षा पुढच्या वर्षीच्या जुलैत. म्हणजे कायद्याने तो ‘बालक’ राहणार नव्हता तो दिवस आणि त्याच्या हातात प्रमाणपत्र येणार होते तो दिवस, यांत जवळजवळ नऊ महिन्यांचे अंतर होते. मुलांच्या जन्मतारखा शैक्षणिक वर्ष पाहून येत नाहीत, त्यामुळे ही अडचण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना थोड्याफार फरकाने भेडसावते.

बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ नुसार अठरा पूर्ण होऊन संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. संस्था सोडल्यानंतरच्या या आधाराला अनुरक्षण म्हणतात आणि त्याची व्याख्या एकविसाव्या वर्षापर्यंतची आहे. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अपवादात्मक परिस्थितीत ते आणखी दोन वर्षे चालू ठेवण्याची सोय आहे. त्याच नियमांत असेही आहे की मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा प्रकरण पाहणाऱ्या कार्यकर्त्याने त्याचा पुढचा आराखडा तयार करून समितीला सादर करावा. अधीक्षकांनी आम्हाला तीन महिने आधी बोलावले. नियमाच्या हिशेबाने वेळ हातात होता. मुलाच्या हिशेबाने ती घाईच होती.

कागदांची स्थिती अशी. आधार होते, पण त्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. बँक खाते होते, पण अल्पवयीन मुलाचे, अधीक्षकांच्या सहीने चालणारे. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने ओळखपत्रे आणि स्वतःची सही दिल्याशिवाय त्यातून रुपयाही निघणार नव्हता. जातीचा दाखला नव्हता, कारण त्यासाठी लागणारे वडिलांकडचे कागद कोणाकडेच नव्हते. ओळखीचा पुरावा मिळवून देण्यास मदत करणे हे कलम ५३ प्रमाणे संस्थेचे कामच आहे. व्यवहारात ते मूल सतरा वर्षांचे झाल्यावर आठवते.

आणि थोरला स्वतः काय म्हणत होता? पहिल्या भेटीत तो म्हणाला, “माझं काही नाही ताई, मी बघतो.” आराखड्यात ‘मुलाची इच्छा’ या रकान्यात एकच शब्द होता : नोकरी. पुढच्या भेटीत कागद दाखवून झाल्यावर त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “अठरा झाल्यावर सही मीच करायची ना? मग तिच्या कागदावरपण माझीच चालंल ना?”

या प्रश्नाने सगळी मांडणी बदलली. त्याचा बेत ठरलेला होता आणि तो त्याने दोन वर्षे कोणाला सांगितला नव्हता. अठरा झाले की आयटीआय सोडायचे, वायरिंगच्या कामाला लागायचे, खोली घ्यायची आणि धाकटीला संस्थेतून ‘सोडवून’ आणायचे. मुलांना समितीपाशी सोडून जाताना आजी त्याला म्हणाली होती, “तिला एकटी टाकू नको.” तो दहा वर्षांचा असल्यापासून हा शब्द वाहत होता. आम्ही राहण्याची सोय, पैसा आणि शिक्षण यांचा विचार करत होतो. तो फक्त बहिणीचा विचार करत होता.

समोरचे पर्याय

*शासकीय अनुरक्षणगृह.* राहणे-जेवणे निश्चित आणि कायदेशीर चौकट पक्की. पण जवळात जवळचे दुसऱ्या जिल्ह्यात. आयटीआय दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बदलावे लागले असते आणि धाकटी आणखी लांब गेली असती. थोरल्याने ऐकताच नकार दिला.

*बालगृहातच परीक्षेपर्यंत राहू देणे.* अधीक्षकांची मनापासून हीच इच्छा होती. “नऊ महिन्यांचा प्रश्न आहे, माझ्या खोलीशेजारी झोपू दे,” असे ते म्हणाले. पण अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला लहान मुलांसोबत बालगृहात ठेवणे कायद्याच्या चौकटीत बसत नाही. त्यामागचे कारण कोणत्या एका मुलाच्या वागण्याशी जोडलेले नाही, ते लहान मुलांच्या सुरक्षिततेचे आहे. शिवाय मुलगा ‘आहे पण नोंदीत नाही’ अशा अवस्थेत राहिला असता. अशा मुलाला आजारपणात, अपघातात किंवा एखाद्या तक्रारीत कोणाचेच संरक्षण नसते. अधीक्षकांच्या मायेबद्दल आदर ठेवूनच हा पर्याय बाजूला केला.

*मामा.* सात वर्षांत दोनदा भेटायला आलेले मामा या वेळी स्वतःहून आले आणि भाच्याला न्यायला तयार झाले. या पर्यायावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण तो कागदावर सगळ्यात चांगला दिसत होता. मूल कुटुंबात परत जाणे हे कायद्याचेही पहिले उद्दिष्ट आहे. मामांच्या घरी गेल्यावर चित्र स्पष्ट झाले. दोन खोल्या, तीन मुले आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायको दोघेही ऊसतोडीला जाणार. म्हणजे भाचा ज्या महिन्यात येणार, त्याच महिन्यात घराला कुलूप. त्यांनी काही लपवले नाही. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. म्हणाले, “मॅडम, पोरगं धडधाकट आहे. अर्धा कोयता म्हणून टोळीत घेतील. चार पैसे हातात येतील, मला पण आधार होईल.” यात कपट नव्हते. त्यांनी स्वतः तेच केले होते, त्यांच्या बापानेही. पण उचल घेतलेला मुलगा जुलैत परीक्षेला बसत नाही. आणि ज्या वाटेने बाप गेला त्याच वाटेवर मुलाला पाठवण्याला आमच्या सहीचा आधार मिळाला असता.

*माजी विद्यार्थ्यांसोबत खोली.* त्याच बालगृहातून आधी बाहेर पडलेले दोन तरुण आयटीआयपासून चालत जाता येईल अशा अंतरावर खोली करून राहत होते. तिसऱ्याला जागा होती. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा ४००० रुपये मिळू शकतात. आदर्श नियमांतही तरुणांच्या छोट्या गटाने तात्पुरते एकत्र राहणे आणि समुपदेशकाने त्यांच्या नियमित संपर्कात असणे ही सोय सुचवली आहे. धोके दोन. पैसे वेळेवर येण्याची खात्री नाही आणि वीसेक वर्षांच्या मुलांचे एकत्र राहणे कधी मोडेल सांगता येत नाही.

पहिले वळण : खरे सांगायचे की नाही

थोरल्याला वाटत होते की अठरा झाले की तो बहिणीचा पालक होणार. ते तसे नाही. धाकटी समितीच्या देखरेखीखाली होती. तिला कोणाकडे सोपवायचे हे समिती ठरवणार, आणि उत्पन्न नसलेल्या, एका खोलीत दोन मित्रांसोबत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या भावाकडे पंधरा वर्षांची मुलगी सोपवली जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

हे त्याला आधीच सांगितले तर तो खचेल आणि शिक्षण सोडेल, असे बालगृहातल्या काहींचे मत होते. त्यांच्या मते परीक्षा होईपर्यंत ‘बघू’ म्हणत राहणे बरे. आमच्या समुपदेशक ताईंचे मत उलट होते. या मुलांना मोठ्यांच्या ‘बघू’चा अनुभव पुरेसा आहे. बापानेही ‘येतो’ म्हटले होते. शेवटी त्याला सगळे सांगितले : कायदा काय म्हणतो, समिती काय पाहते, आज काय शक्य नाही आणि दोन-तीन वर्षांनी काय शक्य होऊ शकते. तो उठून निघून गेला. दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग अधीक्षकांच्या फोनवरून त्याचा फोन आला. त्याला एवढेच हवे होते की हे धाकटीसमोर बोलावे.

आणि तोवर धाकटीला कोणीच विचारलेले नव्हते.

मुलांच्या सहभागाचे तत्त्व कायद्यातच आहे, तरी भावाच्या फाइलमध्ये बहिणीचे मत घेण्याची जागा नसते. दोघांना समितीच्या कार्यालयात एकत्र बसवले. धाकटी नववीत होती, बोलायला धीट. ती म्हणाली, “दादा, मला आत्ता नको नेऊस. माझी शाळा इथं आहे, मैत्रिणी इथं आहेत. तू फक्त फोन करत जा. दर आठवड्याला. दिवाळीचं दिवाळी नाही.” थोडे थांबून पुढे म्हणाली, “आणि आयटीआय सोडू नको. मग मला कशाच्या जोरावर आणशील तू?”

त्या बैठकीनंतर आराखड्याचा गाभा बदलला. समितीने दोघांच्या भेटीसंदर्भात लेखी आदेश दिला : महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि दर रविवारी ठरलेल्या वेळी फोन. आदेश लेखी असल्याने कोणत्याही कर्मचाऱ्याच्या सवडीवर किंवा मर्जीवर ते अवलंबून राहिले नाही. या संपूर्ण प्रकरणात सर्वाधिक उपयोगी पडलेला कागद कोणता असे विचारले, तर मी याच आदेशाचे नाव घेईन.

दुसरे वळण : वडिलांचा रकाना

महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. थोरल्याने ते कोणाकडून तरी ऐकले होते. वीज कंपनीत लागण्याचे त्याचे स्वप्न त्यावर उभे होते. पण अनाथ प्रमाणपत्रासाठी आई आणि वडील दोघेही मृत असल्याचे सिद्ध व्हावे लागते. आईचा मृत्यूदाखला ग्रामपंचायतीतून मिळाला. वडील मात्र बेपत्ता होते, आणि बेपत्ता म्हणजे मृत नव्हे.

सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही अशा व्यक्तीबाबत मृत्यूचे अनुमान करण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात आहे. सात वर्षे उलटली होती. वकिलांच्या मते न्यायालयात जाऊन प्रयत्न करता आला असता. वेळ लागेल, पण वाट आहे.

थोरल्याने नकार दिला. “मी वडलांना मेलेलं लिहून देणार नाही. ते कुठंतरी असतील.”

इथे आमच्यात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की भावनेपोटी मुलगा आयुष्यभराची संधी घालवतो आहे, त्याला समजावले पाहिजे. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. बालगृहात वाढलेल्या मुलाच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय इतरांनी घेतलेले असतात. बापाला मृत ठरवायचे की नाही हा निर्णय तरी त्याचा असावा. आम्ही त्याला फायदे-तोटे सांगितले, मार्ग पुढेही खुला राहील हे सांगितले आणि विषय थांबवला. ज्यांचा एक पालक हयात पण नसल्यासारखा, अशी मुले बालगृहांत मोठ्या संख्येने आहेत. अनुभवाने ती अनाथच असतात, पण कागदावर नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा विचार शासनाने करायलाच हवा.

प्रत्यक्ष काय केले

ऑगस्टपासून सरावाला सुरुवात झाली. अधीक्षकांनी एक धाडसी गोष्ट केली. बालगृहाच्या आठवड्याच्या भाजीबाजाराची जबाबदारी थोरल्यावर सोपवली, हिशेबासकट. पहिल्या आठवड्यात त्याने घासाघीस न करता सगळे घेतले आणि पैसे कमी पडले. तिसऱ्या आठवड्यात तो बाजार उठायच्या वेळी जायला शिकला. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताखाली तो भात, वरण आणि पिठले करायला शिकला. ‘जीवनकौशल्य सत्र’ म्हणून फळ्यावर जे शिकवले जाते, त्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

आधारवरचे नाव दाखल्याप्रमाणे करून घेतले. बँकेत वाढदिवसाच्या आधीच जाऊन कोणते कागद लागतील ते विचारून ठेवले, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये खाते त्याच्या सहीवर आले. खोलीचा प्रश्न वेगळाच निघाला. तिसरा मुलगा येणार म्हटल्यावर घरमालकांनी नवा भाडेकरार मागितला आणि आईबाप नसलेल्या पोरांच्या नावे तो करायला ते तयार होईनात. संस्थेच्या नावे करार करून ते सोडवले.

ऑक्टोबरच्या शेवटी तो बालगृहातून बाहेर पडला. निरोप साधाच झाला. अधीक्षकांनी त्याला टूलकिट दिले.

डिसेंबरमध्ये काय झाले

अनुरक्षणाचा प्रस्ताव वेळेत गेला होता. मंजुरीही मिळाली. पैसे आले नाहीत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला. खोलीतल्या दोघांपैकी एकाला पुण्याला काम लागले आणि तो गेला. भाड्याचा हिस्सा वाढला. थोरल्याने कोणाला काही न सांगता एका वायरिंग ठेकेदाराकडे रोजंदारी सुरू केली आणि आयटीआयला जाणे थांबवले.

हे आम्हाला कळले ते धाकटीकडून. रविवारच्या फोनवर तो नेहमीपेक्षा कमी बोलला, मागे ड्रिलचा आवाज आला आणि तिने तिच्या संस्थेतल्या समुपदेशक ताईंना सांगितले : “दादा रविवारीपण कामावर आहे. काहीतरी बिघडलंय.” आमच्या कार्यकर्त्याची महिन्याची भेट अजून व्हायची होती. भेटीच्या आदेशाला मी इतके महत्त्व देते त्याचे हे कारण. बहीण ही त्याच्यासाठी जबाबदारी आहे असेच सगळे धरून चालले होते. खरे तर तिचेच लक्ष त्याच्यावर होते.

साइटवर जाऊन त्याला भेटलो तेव्हा तो आधी चिडला. “तुमचे पैसे आले नाहीत, भाडं कोण भरणार? मालक रोज दारात.” त्याचे बरोबर होते. अशा वेळी शिक्षणाचे महत्त्व सांगणे निरर्थक असते. आधी थकलेले भाडे संस्थेच्या आकस्मिक निधीतून भरले आणि शासनाचे पैसे आल्यावर तेवढे परत करायचे असे त्याच्याशी लिहून ठरवले. उसने आहे, दान नाही, हे त्याला महत्त्वाचे होते. मग ठेकेदाराशी बोललो. माणूस समजूतदार निघाला. मुलाचा हात चांगला आहे, शनिवार-रविवार येऊ दे, म्हणाला. तिसरे काम अवघड होते. परीक्षेला बसण्यासाठी हजेरीची अट असते आणि ती धोक्यात आली होती. आयटीआयमध्ये त्याला शिकवणाऱ्या शिल्पनिदेशक सरांनी त्याची परिस्थिती प्राचार्यांसमोर मांडली आणि उरलेल्या महिन्यांत एकही खाडा न करण्याच्या लेखी हमीवर त्याला पुन्हा वर्गात घेतले.

अनुरक्षणाचे पैसे फेब्रुवारीत एकरकमी आले. त्याने पहिल्याच आठवड्यात उसने फेडले.

मार्चमध्ये तो तापाने आजारी पडला आणि सरकारी रुग्णालयात दाखल झाला. अर्जावर ‘जवळचा नातेवाईक’ हा रकाना होता. खोलीतल्या मित्राने तिथे अधीक्षकांचे नाव लिहिले. ते रात्रीच मोटरसायकलवर आले. संस्था सोडलेल्या मुलाच्या उशाशी बसणे त्यांच्या कर्तव्यसूचीत नव्हते. पण ‘आजारी पडलो तर कोणाला फोन करू’ या प्रश्नाला अनुरक्षणाच्या कोणत्याही योजनेत उत्तर नाही, आणि बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला तो पहिल्या वर्षातच पडतो.

निष्पत्ती

जुलैत तो परीक्षेला बसला आणि पास झाला. त्यानंतर एका कारखान्यात वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळाली, विद्यावेतनासह. हे लिहिताना तो वीस वर्षांचा आहे. दोन मित्रांसोबत राहतो, करार आता त्याच्याच नावे आहे. मामा हंगामावरून आले की भेटायला येतात. थोरल्याने त्यांच्या घराचे वायरिंग स्वतः करून दिले.

सगळे सुरळीत झालेले नाही. जातीचा दाखला अजून नाही. वीज कंपनीच्या भरतीत तो खुल्या गटातून बसला आणि निवड झाली नाही. अनाथ प्रमाणपत्राबद्दल त्याने पुन्हा विचारलेले नाही. सणाला तो कामावर जादा पाळी मागून घेतो. सुटी असली की काय करायचे ते कळत नाही, असे त्याने एकदा सांगितले.

धाकटी अकरावीत आहे. तिला नर्सिंग करायचे आहे.

काय वेगळे करता येईल

सर्वांत आधी वय. दोन महिने आधीचा आराखडा ही नियमातली किमान मर्यादा आहे, तयारीचा कालावधी नाही. सोळाव्या वर्षी मुलाची जन्मतारीख आणि त्याच्या अभ्यासक्रमाची शेवटची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहावी. अंतर दिसले की पुढची दोन वर्षे कशासाठी वापरायची ते आपोआप ठरते. थोरल्याला आयटीआयमध्ये घालतानाच हे नऊ महिने दिसत होते, पण ते पाहणे कोणाच्याच कामाचा भाग नव्हते.

भावंडांच्या फाइली एकत्र वाचल्या जायला हव्यात. वेगवेगळ्या संस्थांत असलेल्या भावंडांच्या भेटीचा लेखी आदेश त्यांना वेगळे करतानाच, पहिल्याच दिवशी, समितीकडून घेता येतो. सात वर्षे दिवाळीच्या भेटीवर काढल्यावर मुलाच्या मनात ‘सोडवून आणण्याचा’ बेत तयार होतो यात नवल नाही.

मंजुरी आणि प्रत्यक्ष रक्कम यांत काही महिन्यांचे अंतर पडेल असे धरूनच नियोजन करावे. पहिल्या तीन महिन्यांचे भाडे आणि जेवण यांची सोय संस्थेकडे किंवा स्थानिक दात्यांकडे वेगळी ठेवलेली असली पाहिजे. थोरला ठेकेदाराकडे गेला ते पैशासाठी. त्याची इच्छाशक्ती कमी पडली म्हणून नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत भेट महिन्याला नव्हे, आठवड्याला हवी, आणि त्यातली निम्मी तरी त्याच वाटेने आधी गेलेल्या एखाद्या तरुणाने घेतलेली बरी. भाड्याबद्दल तो आमच्याशी बोलला नाही. पुण्याला गेलेल्या मित्राला मात्र त्याने सगळे सांगितले होते, हे नंतर कळले. त्या मित्राकडे आमचा नंबर होता, पण कधी फोन करायचा हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

मामांसारख्या नातेवाइकांना ‘अयोग्य’ असा शेरा मारून फाइल बंद केली जाते. मुलाला त्यांच्याकडे राहायला पाठवले नाही तरी नाते संपत नाही. या प्रकरणात मामांचा फोन नंबर आराखड्यात लिहिला, त्यांना परीक्षेची तारीख कळवली आणि निकालही कळवला. पुढे ते येत राहिले, त्याचे हेही एक कारण असावे.

थोरल्याला पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण होतील. त्याची शिकाऊ उमेदवारी संपून कायम काम लागायला त्यानंतरचे काही महिने जातील असे दिसते, म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंतच्या मुदतवाढीचा अर्ज आम्ही आत्ताच तयार करत आहोत. धाकटीचा आराखडा तिच्या सोळाव्या वर्षापासून सुरू आहे. तिच्या बैठकांना तो सुटी काढून येतो आणि तिच्या आराखड्यातल्या ‘मुलीची इच्छा’ या रकान्यात सध्या दीड पान मजकूर आहे.